शेतात हवा कमी, डांबरीवर पूर्ण : गाडीसाठी कॉम्प्रेसर घेताना ‘पीएसआय’ नंतर, आधी लिटर बघा

पावसाळ्यात काळ्या रानातून बोलेरो किंवा पिकअप बाहेर काढायची तर टायरमधली थोडी हवा सोडावी लागते, हे ड्रायव्हर लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. ३२ चा दाब २० वर आणला की टायर खाली पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि जिथं चाक नुसतं फिरत होतं तिथं पकड घेतं. कोकणात वाळूवर गाडी गेली तरी हाच उपाय. खरी अडचण नंतर होते. गाडी डांबरीवर येते, हवा भरायचं दुकान सात-आठ किलोमीटरवर असतं, आणि तेवढं अंतर लोक तशाच बसक्या टायरवर, नेहमीच्या वेगानं मारतात. प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजूची भिंत दुमडते, तापते आणि आतले धागे सुटत जातात. टायर त्याच दिवशी फुटतो असं नाही. दोन-तीन महिन्यांनी, गाडी भरलेली असताना, भर उन्हात फुटतो आणि बोल टायर कंपनीला लागतो.

गाडीतच हवा भरायची सोय असली की हा प्रश्न मिटतो. १२ व्होल्टचे छोटे कॉम्प्रेसर आता तालुक्याच्या बाजारात आणि मोबाईलवरून सहज मिळतात. दीड-दोन हजारांपासून सुरुवात होते आणि नामांकित कंपन्यांचे दोन सिलिंडरवाले नग कित्येक हजारांत जातात. मात्र यातले बरेच घरी आल्यावर महिनाभरात अडगळीत पडतात. कुणाचा फ्यूज उडतो, कुणाचा पंप इतका तापतो की पाईप वितळतो, कुणाला ट्रॉलीचं एक चाक भरायला तास लागतो. वस्तू खराब निघते असं दर वेळी नसतं. बऱ्याचदा आपल्या कामाला कोणता पंप लागतो हे न बघता तो घेतलेला असतो आणि तो जोडलेलाही चुकीचा असतो.

एक खुलासा आधीच. गावाकडं कॉम्प्रेसर म्हटलं की विहिरीच्या खोदकामावर सुरुंगाची भोकं पाडणारा ट्रॅक्टर डोळ्यांपुढं येतो. तो धंदा वेगळा. इथं विषय आहे तो गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या, हातात उचलून नेता येणाऱ्या पंपाचा.

डब्यावर १५०, कामात किती?

पंपाच्या डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘१५० पीएसआय’ छापलेलं असतं. घेणारा तोच आकडा बघतो. शेतकऱ्याला यातली गोम समजायला वेळ लागू नये, कारण बोअरची मोटार घेताना तो हेच दोन प्रश्न विचारतो : हेड किती आणि पाणी किती? शंभर मीटर पाणी चढवणारी मोटार मिनिटाला तांब्याभरच पाणी टाकत असेल तर ती कुणी घेत नाही. पीएसआय म्हणजे पंपाचं हेड. मिनिटाला किती लिटर हवा देतो, तो त्याचा डिस्चार्ज. बोलेरोला ३२-३५ च्या आसपास दाब लागतो, तिथं १५० चं हेड असून उपयोग काय?

म्हणून खोक्यावर ‘लिटर प्रति मिनिट’ शोधा. काही कंपन्या हे ‘सीएफएम’मध्ये, म्हणजे घनफुटात देतात. एक सीएफएम म्हणजे सुमारे २८ लिटर. साधारण छोटा पंप ३०-३५ लिटरचा असतो, मधला ७० लिटरच्या आसपास, आणि दोन सिलिंडरचा मोठा दीडशेच्या पुढं. हा आकडाही बहुतेक वेळा मोकळ्या तोंडाचा असतो, म्हणजे पाईप टायरला लावलेला नसताना मोजलेला. टायरमध्ये दाब वाढेल तसा पंपाचा जोर कमी पडतो. उंच टाकीत पाणी चढवताना धार बारीक होते, तसंच. ३५ लिटर लिहिलेला पंप ३० पीएसआयला २० लिटरच्या आसपास देत असेल, असं धरून चाललं तर फसगत होत नाही. चांगल्या कंपन्या कोणत्या दाबाला किती लिटर याचा तक्ता देतात. तो तक्ता नसलेला महागडा पंप घेण्यात अर्थ नाही.

आपल्याला लिटर लागतात किती

हिशेब सोपा आहे. टायरच्या आत जेवढी जागा (लिटरमध्ये), तिला वाढवायच्या दाबानं गुणायचं आणि १५ नं भागायचं. १५ कशासाठी, तर बाहेरच्या हवेचाच दाब १४.७ पीएसआय आहे. टायरमध्ये तेवढा दाब वाढवायचा म्हणजे टायरच्या पोटाएवढी हवा आणखी कोंबायची.

बोलेरोच्या २१५/७५ आर १५ मापाच्या टायरमध्ये साधारण ४५ लिटर जागा धरा. दाब २० वरून ३२ करायचा म्हणजे १२ नं वाढवायचा. ४५ गुणिले १२ भागिले १५, म्हणजे ३६ लिटर. चार टायरचे झाले १४४. छोट्या पंपाला हे काम सात-आठ मिनिटांचं आहे. अर्थात नुसती बोलेरो, थार किंवा जिम्नी असेल आणि वर्षातून चार-सहा वेळाच हवा सोडायची असेल, तर दोन सिलिंडरच्या पंपावर पैसे घालवायची गरज नाही. दुकानदार सांगेल, पण गरज नाही.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचं पोट मोठं असतं. १३.६-२८ मापाच्या टायरमध्ये सव्वादोनशे लिटरच्या आसपास जागा असते. पण तिथं दाब कमी लागतो. शेतात १२ आणि ओढकामाला १८ धरला तर सहाचाच फरक, म्हणजे एका टायरला ९० लिटर. (आपल्या ट्रॅक्टरचे नेमके आकडे त्याच्या पुस्तकात असतात. शेतकामाचा वेगळा आणि ओढकामाचा वेगळा, असे दोन दिलेले असतात. तेच धरावेत.) मागच्या टायरात पाणी भरलेलं असेल तर काम आणखी हलकं होतं. टायर तीन चतुर्थांश पाण्यानं भरलेला असला तर हवेला जागा उरते ५५-६० लिटरच. मग २२-२५ लिटर हवेतच दाब सहानं चढतो. छोटा पंपसुद्धा मिनिट-दीड मिनिटात तो चढवतो. म्हणजे पाणी भरलेल्या टायरात हवा जास्त होण्याचीच भीती अधिक. गेज बघत बघत भरायची.

सगळ्यात अवघड जातं ते ट्रॉलीचं चाक. ९.००-१६ च्या टायरमध्ये साधारण ९० लिटर जागा, आणि भरल्या ट्रॉलीला दाब ६० किंवा त्याच्याही पुढं लागतो. पंक्चर काढून पूर्ण बसलेला टायर ६० पर्यंत न्यायचा तर ३६० लिटर हवा हवी. शिवाय जितका दाब चढेल तितका छोटा पंप दमतो. ३५ लिटरवाल्याला सरासरी १५ लिटर जमली तरी २४ मिनिटं सलग चालावं लागेल. तसा तो चालत नाही, त्याचं कारण पुढं येतं. ७० लिटरच्या आसपासचा पंप तेच काम नऊ-दहा मिनिटांत उरकतो. ऊस, कांदा, मुरूम ओढणाऱ्या माणसानं पंप निवडायचा तो या चाकावरून, बोलेरोवरून नाही.

दहा मिनिटं काम, वीस मिनिटं आराम

पंपाच्या कागदावर ‘ड्यूटी सायकल’ म्हणून एक टक्का लिहिलेला असतो. ३३ टक्के म्हणजे अर्ध्या तासात दहा मिनिटं चालवा, वीस मिनिटं बंद ठेवा. ५० टक्के म्हणजे पंधरा आणि पंधरा. १०० टक्के म्हणजे सलग. हवा दाबली की तापते, हे सायकलला हात पंपानं हवा भरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पंपाचं खालचं टोक चटका देतं. इथं तर मिनिटाला हजारभर आणि त्याहून जास्त वेळा तेच होत असतं. छोट्या पंपात तेल नसतं, पिस्टनची रिंग प्लास्टिकच्या जातीची असते. जास्त तापली की ती झिजते आणि मग पंपाचा आवाज तेवढाच येतो, पण हवा निम्मीच.

म्हणून वरचं २४ मिनिटांचं काम ३३ टक्केवाल्या पंपाला दहा, दहा आणि चार असं तीन हप्त्यांत करावं लागतं. मधे वीस-वीस मिनिटं थांबायचं. ट्रॉलीच्या एका चाकाला तास गेला. रात्री नऊला कारखान्याच्या रस्त्यावर हा तास फार मोठा वाटतो. काही पंपांत तापल्यावर आपोआप बंद होणारं ‘थर्मल कट-ऑफ’ असतं. ते असलेलाच घ्यावा. पंप मधेच बंद पडला म्हणून दुकानात परत नेणारे पुष्कळ असतात. खरं तर तो स्वतःला वाचवत असतो.

लायटरच्या सॉकेटवर भार देऊ नका

गाडीत मोबाईल चार्ज करायचं जे गोल सॉकेट असतं, त्याचा फ्यूज गाडीगणिक १०, १५ किंवा २० अँपियरचा असतो. अगदी छोटा पंप १० अँपियरच्या आसपास ओढतो. तो तिथं चालतो. मधला, ७० लिटरचा पंप २५-३० अँपियर ओढतो, दोन सिलिंडरचा ५० च्या आसपास. तो सॉकेटवर लावला की फ्यूज उडतो. इथवर ठीक. पण मग पुढं जे होतं ते धोक्याचं आहे. फ्यूज पुन्हा उडू नये म्हणून त्या जागी मोठा फ्यूज, नाही तर तारेचा तुकडा घातला जातो. सॉकेटची वायर बारीक असते आणि ती डॅशबोर्डच्या मागून, बाकीच्या वायरींच्या जुडग्यातून गेलेली असते. आता फ्यूज उडत नाही, वायर तापते, तिचं प्लास्टिक वितळतं आणि ती शेजारच्या वायरीला चिकटते. गाडी पेटायला एवढं पुरतं. फ्यूज पंप वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो.

मधल्या आणि मोठ्या पंपाची वीज थेट बॅटरीवरूनच घ्यायची. पंपासोबत दोन मोठे चिमटे येतात, लाल आणि काळा. लाल आधी बॅटरीच्या प्लसला लावायचा. काळा इंजिनच्या किंवा चेसिसच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून जरा लांब. बॅटरीतून निघणाऱ्या वायूजवळ ठिणगी नको, म्हणून ही काळजी. काढताना उलट क्रम. इंजिन चालू ठेवून, थोडा रेस वाढवूनच हवा भरा. बंद गाडीवर पंप चालवला तर हवा भरून होईल, पण गाडी ढकलायला माणसं शोधावी लागतील.

ट्रॅक्टरवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ३५-४० अँपियरच्या आसपासचाच असतो. ३० अँपियरचा पंप त्याला झेपतो, पण तेव्हा हेडलाईट, मागचा फोकस आणि टेप एकदम चालू नकोत. ५० अँपियरचा पंप लावला तर उरलेली वीज बॅटरीतून जाणार. तसंच ट्रकला बॅटरी साधारण २४ व्होल्टची असते. १२ चा पंप तिच्यावर लावला तर काही सेकंदांत जळतो. तसंही ट्रकवाल्याला पंप लागत नाही. एअर ब्रेकसाठी हवा तयार होतच असते, आणि बऱ्याच ट्रकांना त्याच टाकीच्या लाईनवरून टायरला हवा द्यायचा नोझल असतो. हंगामात रस्त्यात अडकलेल्या ट्रॅक्टरवाल्याला शेजारी थांबलेल्या ट्रकमधून हवा मिळते ती अशी.

पंप एक, प्लग प्रत्येक गाडीला

शेतकरी घरात साधारण एक ट्रॅक्टर, एक पिकअप किंवा जीप आणि एखादी मोटरसायकल असते. अशा घरात पंप एका गाडीला बोल्ट मारून पक्का करण्यापेक्षा तो सुटा ठेवावा आणि प्रत्येक गाडीला बॅटरीवरून एक जाड, दोन पिनांचा प्लग काढून ठेवावा, हे स्वस्तही पडतं आणि सोयीचंही. ट्रॅक्टरवर तर पक्का बसवूच नये. तिथं बंद जागा नसते, वरून पाऊस, खालून धूळ. रोटाव्हेटर मागं चालला की पंपाच्या फिल्टरची वाट लागते.

हा प्लग बसवायला ऑटो इलेक्ट्रिशियनला तासाभराचं काम आहे. पण करताना शेजारी उभं राहावं आणि तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली, फ्यूज. प्लसची वायर बॅटरीतून निघाल्यावर वीतभर अंतराच्या आतच फ्यूज हवा. पंपाजवळ लावलेला फ्यूज काही कामाचा नाही, कारण मधली सगळी वायर उघडी पडते. ती कुठं घासून चेसिसला टेकली तर मधे अडवणारं कुणी नसतं, आणि बॅटरी शेकडो अँपियर सोडू शकते. ३० अँपियरच्या पंपाला ४० चा फ्यूज चालतो. एक जास्तीचा फ्यूज टूलबॉक्समध्ये ठेवायचा, म्हणजे तारेचा मोह होत नाही.

दुसरी, वायरची जाडी. घरच्या फिटिंगची २.५ स्क्वेअर एमएमची वायर शिल्लक असते, तीच वापरली जाते. बॅटरीपासून पंप चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर वायर होते. ३० अँपियरला या वायरीतच पावणेदोन व्होल्ट जातात. १२ चे सव्वादहा उरले तर मोटार हळू फिरते, जास्त तापते, हवा कमी देते. ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत हेच नुकसान पाऊण व्होल्टवर येतं. दोन सिलिंडरच्या पंपाला १० किंवा १६ ची वायर लागते. बोअरच्या मोटारीची उरलेली चपटी केबल तांब्याची आणि ६ ची असेल तर वीज वाहील, पण ती सायलेन्सर किंवा इंजिनच्या अंगाला टेकू देऊ नये. तिचं आवरण त्या उष्णतेसाठी केलेलं नसतं.

तिसरी, जोड. वायर नुसती पिळून टेप मारणं बंद. टोकाला थिंबल दाबून बोल्टनं कसायची. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबराचा ग्रोमेट हवाच. पिकअप वर्षभर हादरते, आणि धारदार पत्रा वायरचं आवरण कापायला वर्षभरही घेत नाही. मायनसची वायर शक्यतो बॅटरीपर्यंतच न्यावी. रंगावर बोल्ट मारून अर्थिंग मिळत नाही, मिळालं तरी टिकत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची मूळ वायर कुठंही कापू किंवा सोलू नये. बॅटरीच्या बोल्टवरून स्वतंत्र लाईन काढली की मूळ वायरिंगला हात लागत नाही.

पक्काच बसवायचा असेल तर

ज्यांची एकच जीप आहे आणि महिन्यातून तीन-चार वेळा रानात, घाटात किंवा नदीपात्रात जावं लागतं, त्यांना पक्कं फिटिंग परवडतं. बॉनेटखाली बॅटरीच्या बाजूला जागा असेल तर वायर लहान होते. पण सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून आणि टर्बोपासून पंप दूर पाहिजे. आधीच तापलेली हवा ओढणारा पंप लवकर दमतो. दुसरी जागा सीटखाली किंवा सीटमागं. तिथं आवाज होतो, पण चिखल-पाणी लागत नाही. चेसिसखाली, चाकाच्या मागं बसवलेला पंप पहिल्याच ओढ्यात पाणी पितो. तिथं नको. जागा कुठलीही असो, बसवताना खाली रबराचे बुश घालावेत आणि हवा ओढणारा फिल्टर पाण्याच्या पातळीच्या वर, धूळ कमी असेल अशा जागी पाईपनं न्यावा.

चालू-बंद करायचं बटण डॅशबोर्डवर हवं असेल तर मधे रिले लागतो. बटणातून ३० अँपियर नेले तर बटण जळतं. रिलेवर चार पिनांचे नंबर असतात. ३० ला बॅटरीवरून फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ वरून पंपाला. ८६ ला बटणातून आलेली बारीक वायर आणि ८५ ला अर्थिंग. बटणाची वीज चावी फिरवल्यावरच येणाऱ्या लाईनवरून घ्यावी, म्हणजे गाडी बंद करून गेल्यावर पोरांनी बटण दाबलं तरी पंप चालत नाही.

पंपातून निघणारी पहिली दोन-तीन फूट हवा भाजेल इतकी गरम असते. तिथं बाजारातला निळा प्लास्टिकचा पाईप थेट जोडला की तो मऊ पडतो आणि भर कामात सुटतो. तिथं पोलादी जाळीचा पाईप लागतो, त्याच्या पुढं साधा चालतो.

टाकी लावावी का, हा प्रश्न हमखास येतो. नुसत्या टायरसाठी गरज नाही. चार-पाच लिटरच्या टाकीनं पंपाचे लिटर वाढत नाहीत. फिल्टर झाडायला, रेडिएटरची जाळी फुंकायला एकदम झोत मिळतो, इतकाच फायदा. लावायचीच तर हवेसाठी बनवलेली, सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच आणि खाली पाणी काढायचा कॉक असलेली टाकीच लावा. जुना गॅस सिलिंडर किंवा एसी-फ्रीजच्या गॅसची फेकून दिलेली टाकी वेल्डिंग करून वापरली जाते, हे गॅरेजांत दिसतं. दमट हवेतलं पाणी आत साचतं, तळ आतून गंजतो, बाहेरून रंग चकचकीत राहतो. अशी टाकी फुटते तेव्हा पत्र्याचे तुकडे होतात. सीटखाली ती ठेवून फिरणं म्हणजे सुरुंगावर बसणं.

पंप हातात आला म्हणून प्रत्येक टायर आपण भरायचा नाही

ही गोष्ट जिवाची आहे. जुन्या ट्रकची चाकं लावलेल्या ट्रॉल्या गावोगाव आहेत. त्यातल्या बऱ्याच चाकांना डिस्कवर लोखंडी लॉक रिंग असते. असा टायर बसून त्यावर ट्रॉली थोडी जरी ओढली गेली तरी रिंग जागेवरून हललेली असू शकते. वरून दिसत नाही. त्यात दाब चढला की रिंग सुटून येते आणि समोरच्या माणसाला ती चुकवायला वेळ मिळत नाही. रिंगवाला टायर पूर्ण बसला असेल तर तो जागेवर, रस्त्याच्या कडेला भरू नये. चाक काढून, लोखंडी पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडंच न्यावं. थोडी हवा कमी झाली असेल आणि टायर बसका नसेल, तर भरताना चाकासमोर न बसता ट्रेडच्या बाजूला, लांब पाईप घेऊन उभं राहावं. लांब पाईप आणि व्हॉल्व्हला आपोआप धरून राहणारी पकड यासाठीच पैसे मोजायचे. पोरांना जवळ उभं करू नये.

साध्या टायरलाही एक मर्यादा आहे. बाजूच्या भिंतीला फुगा आलेला, धागे दिसणारा किंवा बसका असताना बराच चाललेला टायर भरू नये. तो बदलायचा.

ट्यूबच्या टायरमधली हवा फार खाली नेऊ नये, हेही इथंच सांगायला हवं. दाब फार कमी झाला की डिस्क आत फिरते आणि टायर जागेवर राहतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह तिरका दिसायला लागला की समजायचं, आता तो मुळातून तुटणार. ट्यूबलेसला हा त्रास नाही, पण १५-१८ च्या खाली गेला तर वळणावर टायर डिस्कवरून निसटू शकतो. मग हा छोटा पंप तो परत बसवू शकत नाही, कितीही लिटरचं नाव लिहिलेलं असलं तरी.

गेज वेगळा हवा

पंपावरचा गेज चालू असताना पाईपमधला दाब दाखवतो आणि तो टायरपेक्षा जास्त असतो. म्हणून पंप बंद करून आकडा वाचायचा. त्याहून बरं म्हणजे दोन-तीनशे रुपयांचा सुटा गेज घेऊन ओळखीच्या टायरवाल्याच्या गेजशी एकदा ताडून पाहायचा. दाब सकाळी, गाडी गार असताना बघावा. चालून तापलेल्या टायरचा दाब वर गेलेला असतो. पाच-सहा अंश तापमानाला एक पीएसआयच्या आसपास फरक पडतो. ‘जास्त झाली’ म्हणून तापल्या टायरची हवा सोडली की सकाळी ती कमी भरते.

पाणी भरलेल्या ट्रॅक्टरच्या टायरात हवा भरताना किंवा मोजताना व्हॉल्व्ह वर, घड्याळाच्या बाराच्या जागी आणून घ्यावा. खाली असला तर गेजमध्ये पाणी शिरतं. पाईप सोडताना पंपातही शिरू शकतं.

घेतल्यावर पंपाची परीक्षा दुकानातच उरकावी. गाडी घेऊन जा, एका टायरची हवा २० वर आणा, मोबाईलवर वेळ लावून ३२ पर्यंत भरा. बोलेरोच्या टायरला छोट्या पंपाला दोन मिनिटांच्या आसपास आणि ७० लिटरच्या पंपाला मिनिटभरात काम व्हायला हवं. चार-पाच मिनिटं लागत असतील तर डब्यावरचे लिटर खोटे आहेत. तसंच फिल्टर, पिस्टनची रिंग आणि पाईपचा तोटी-सांधा सुटा मिळतो का, हे विचारून घ्यावं. धुळीच्या दिवसांत फिल्टरचा स्पंज दर महिन्याला झटकून घ्यावा, आणि तेल नसलेल्या पंपात ‘जरा मोकळा चालेल’ म्हणून तेलाचा थेंब टाकू नये. आत तेल आणि धूळ मिळून रिंगला घासणारी पेस्ट तयार होते. पक्की बिल पावती पंपाच्या पिशवीतच ठेवावी, सुट्या फ्यूजच्या शेजारी.